वाजणारे ब्रेक

"काच खाली कर," आप्पा म्हणाले.

मी मागच्या सीटवरची काच खाली केली. मांडीवर माझी तान्ही मुक्ता झोपली होती. वाऱ्यानं तिचं दुपटं उडायला लागलं, ते मी तिच्या पायाखाली खोचलं. पुढे आप्पा स्टिअरिंगवर आणि शेजारी माझा धाकटा भाऊ दिगू. पाटणचा पूल जवळ आला तसा आप्पांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि आम्ही तिघंही कान टवकारून बसलो.

काही वाजलं नाही. गाडी गुपचूप हळू झाली, पुलावर चढली आणि पलीकडे उतरली. बॉनेटवरची झेंडूची माळ तेवढी हलली.

दिगूनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. हसू दाबताना त्याच्या गालाला लहानपणापासून खळी पडते, ती पडली होती.

"वाजत न्हाई," तो म्हणाला.

"ऐकतोय मी. पर धरत्यात कुठं म्हणावं तसं?"

"नवं पॅड हायती, आप्पा. बसायला वेळ लागतो. थोडं अंतर गेलं की धरत्याल."

"घाटात बघू," आप्पा म्हणाले.

ते 'घाटात बघू' साधं नव्हतं. ते कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

आप्पांनी उभी हयात एस.टी. चालवली. निवृत्त होताना मिळालेला विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी गाडीच्या डॅशबोर्डवर, गणपतीच्या शेजारी चिकटवला होता. दिगूनंही खाकी घालावी अशी त्यांची फार इच्छा. दिगू पुण्याच्या एका गॅरेजात राहून काम शिकला, परत आला आणि घरामागच्या शेडमध्ये, जिथे आमच्या म्हशी असायच्या, स्वतःचं गॅरेज काढून बसला. आप्पांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी फक्त शेडमध्ये पाऊल टाकायचं बंद केलं. चहा झाला तर अंगणातून हाक मारायचे, दारापर्यंत जायचे नाहीत. आई म्हणायची, "म्हशी हुत्या तवा दिवसातनं चारदा जात हुते."

दोघं भांडत होते असंही नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

मग हे ब्रेकचं निघालं. आधीचे पॅड झिजले तेव्हा आप्पांनी कराडहून स्वतः नवे आणले आणि पुडा न उघडता दिगूच्या पुढ्यात ठेवला. दिगूनं पुडा उघडला, नखानं पॅडवर ओरखडा काढायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "लई कडक हायती. वाजत्याल." आप्पा म्हणाले, "तू बसीव." त्यानं बसवले आणि ते वाजले. ब्रेक लावला की गाडी अशी किंचाळायची की बाजारातली माणसं आपोआप कडेला व्हायची. आप्पांचं म्हणणं, माल चांगला आहे, बसवणाऱ्याचा हात वाईट. दिगूचं म्हणणं, हात चांगला, माल कडक. त्यानं चाक उतरवून पॅडच्या कडा घासल्या, पाठीला ग्रीस लावलं, मागे पत्र्याच्या चकत्या सरकवल्या. चार दिवस गाडी गप्प राहायची आणि पाचव्या दिवशी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी किंचाळी. आई चहाचं आधण ठेवायची ते ती ऐकूनच.

त्यातच खताचं दुकान काढायला जागा शोधणारा एकजण शेड भाड्यानं मागायला आला. आप्पांनी त्याला, दसऱ्यानंतर सांगतो, म्हणून लावून दिलं. दिगूला म्हणाले, "तुझ्या पसंतीचा माल आण. तुझ्या हातानं बसीव. दसऱ्याला शैलीला चिपळूणला सोडायचंच हाय. घाट उतरून बघतो. मग खतवाल्याला काय सांगायचं ते सांगतो."

शैली म्हणजे मी. नवरात्रात मुक्ताला पहिल्यांदाच आजोळी घेऊन आले होते. हे सगळं मला आईनं सांगितलं, कारण बापलेकांपैकी एकानंही माझ्यापाशी ब्र काढला नव्हता. मला दोघांचाही राग आला. एक म्हातारा हट्टी, दुसरा तरुण हट्टी, आणि त्यांच्या परीक्षेला माझी लेक गाडीत.

दिगूनं नवे पॅड आणले अष्टमीला. दुकानात बसून त्यानं चार-पाच कंपन्यांचे पुडे उघडायला लावले होते म्हणे. कशाला मागे चकती आहे, कशाची कड उतरती आहे, कोण घाटातल्या उष्णतेला टिकेल. मला तो पॅड हातात देऊन म्हणाला होता, "आक्का, नख लाव. बघ, थोडं लागतं. ह्यो माल चाकाच्या तबकडीला चावतो आन् वरडत न्हाई." मला काही कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघून मी मान डोलावली.

ते लगेच बसवता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजा मांडली की दसऱ्याच्या पहाटेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. दिगूनं फळीवर सगळे पाने, हातोड्या, पकडी ओळीनं मांडल्या. शेवटी नवे पॅडही पुड्यातून काढून मांडले, कारण त्याच्या दृष्टीनं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. फुलं वाहिली, कुलूप लावलं आणि कराडला मित्राकडे गेला, तो रात्री उशिरा परतला. दसऱ्याला भल्या पहाटे उठून, लाइट गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात त्यानं पॅड बसवले.

त्याच सकाळी मी वेगळ्याच शोधात होते. माझ्या सासूबाई मुक्ताच्या मालिशसाठी खोबरेल तेलात ओवा कढवून देत. त्याची बाटली आदल्या दिवशी चांगली अर्धी होती आणि आता तळाला गेली होती. मी आईवर डाफरले. आई म्हणाली, "मी कशाला घिऊ? माझं डोकं काय तुझ्या ओव्याच्या तेलानं माखू?" मी तळाचं होतं ते मुक्ताच्या टाळूवर चोपडलं आणि गाडीत येऊन बसले.

कोयना मागे पडली, हेळवाकही मागे गेलं. ऊन छान पडलं होतं. डोंगराच्या अंगावर सोनकीची पिवळी फुलं होती. कुंभार्ली घाट सुरू झाला तसे आप्पा सीटवर जरा पुढे सरकून बसले.

एरवी आप्पा घाटात ब्रेकला फारसे हात लावत नसत. म्हणजे पाय लावत नसत. गाडी गिअरवर उतरवायची आणि ब्रेक राखून ठेवायचा, हा त्यांचा बाणा. पण आज ब्रेकच बघायचे होते. म्हणून ते गाडी थोडी सोडायचे आणि प्रत्येक वळणावर मुद्दाम पाय दाबायचे. पहिली दोन वळणं गेली. तिसरं गेलं. आवाज नव्हता. दिगू हाताची बोटं मांडीवर ठेवून बसला होता आणि प्रत्येक वळणाला ती बोटं आवळायची आणि सुटायची.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

आरशात मला त्यांचे डोळे दिसले आणि मला ते आवडले नाहीत.

तेवढ्यात मला ओव्याचा वास आला. मला वाटलं, मुक्ताच्या डोक्याचा. मी वाकून तिची टाळू हुंगली. तो वास होताच, पण हा दुसरा होता. खिडकीतून येत होता आणि गरम होता, कढईत तेल तापल्यावर येतो तसा.

"कुणीतरी तळतंय वाटतं जवळपास," मी म्हणाले. म्हणताना लक्षात आलं की आजूबाजूला घर नाही, टपरी नाही. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी.

दिगू झटकन खिडकीबाहेर वाकला. पुढच्या चाकापाशी बघून परत आत आला.

"आप्पा, धूर निघतोय. ब्रेक दाबू नका."

"दाबून तरी काय उपेग?" आप्पा हळू आवाजात म्हणाले. मला त्या हळू आवाजाची जास्त भीती वाटली. "पेडल दगडागत हाय. पाय देतोय, पर गाडी ऐकंना."

उतार तीव्र होत होता. समोर वळण दिसत होतं, त्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं, आणि खालून चढणाऱ्या ट्रकचा गुरगुरता आवाज येत होता. मी मुक्ताला छातीशी धरलं आणि पाय समोरच्या सीटला टेकवून रोवले. ती झोपेतच होती.

आप्पांनी तिसऱ्यातून दुसरा टाकला. इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडीला हिसका बसला.

"दिगू, हँडब्रेक तुझ्या हातात," आप्पा म्हणाले. "मी म्हनंन तवाच. म्हनंन तेवढाच. एकदम वढलास तर फिरंल गाडी."

"व्हय."

"वढ. सोड. वढ. थोडा. सोड."

वळणावर ट्रक आला. आप्पांनी हॉर्नवर तळहात दाबून धरला होता. ट्रकवाल्याला काय समजलं देव जाणे, पण त्यानं गाडी दरीच्या अंगाला घातली आणि आम्हाला डोंगराची बाजू सोडली. ट्रकची लाकडी फळी माझ्या उघड्या खिडकीला इतकी चाटून गेली की तिच्यावर रंगवलेलं कमळ मला आजही काढून दाखवता येईल.

"आता पहिला टाकतो," आप्पा म्हणाले. "शैले, पोरीचं डोकं धर. दिगू, वढ."

गिअर पडताना लोखंड दळल्यासारखा आवाज झाला. गाडी आपटल्यासारखी हळू झाली, पण थांबली नाही. पुढे डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा चर होता. आप्पांनी डावी चाकं त्या चरात घातली. गाडी तिरकी झाली, दरड पत्र्याला घासत गेली, झेंडूची माळ तुटून मागे पडली.

"पुरा वढ."

दिगूनं हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी थांबली. आप्पांनी इंजिन बंद केलं.

सगळं शांत झालं आणि मुक्ता त्या शांततेनं जागी होऊन रडायला लागली.

थांबल्यावर ह्या दोघांनी एकमेकांना मिठी मारली असती तरी मला नवल वाटलं नसतं. क्षणापूर्वी एकाच माणसाचे दोन हात असल्यासारखे ते चालले होते. पण आप्पा उतरले, दरवाजा आपटला, गाडीला वळसा घालून दिगूच्या बाजूला आले. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"ह्याच्यासाठी पुन्याला गेलातास?"

दिगू खाली उतरून उभा राहिला.

"आरं, एवढी गाडी चालवली मी, एस.टी.त पन्नास-पन्नास माणसं मागं घिऊन. कुणाचं नख मोडलं न्हाई. आन् आज माझी नात मागं हाय." त्यांनी मागच्या सीटकडे बोट केलं. "उद्या खतवाल्याला किल्ली देतो. इषय संपला."

"आप्पा, जरा थांबा की," मी म्हणाले.

"तू त्या पोरीला घे अन् तिकडं कठड्यापाशी उभी ऱ्हा."

दिगूनं डिकी उघडली, जॅक काढला, चाकांना दगड लावले आणि कामाला लागला. ते बघून मला त्याचाही राग आला. माणसानं निदान काहीतरी म्हणावं. मी मुक्ताला घेऊन कठड्याकडे गेले, तिला थोपटलं. ती राहीना, तसे आप्पा आले आणि त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं. तिला खांद्यावर टाकून ते दरीकडे तोंड करून उभे राहिले. पाठमोरे आप्पा मला एकाएकी म्हातारे दिसले.

"आक्का," दिगूनं दबक्या आवाजात हाक मारली. "हिकडं ये."

चाक निघालं होतं. फडक्यात धरून त्यानं एक पॅड बाहेर काढला होता. त्यातून अजून वाफ निघत होती.

"वास घे."

मी वाकले. घ्यायची गरजच नव्हती.

"मुक्ताचं तेल," मी म्हणाले. "माझ्या सासूबाईंचं. ओव्याचं."

"पॅडमध्ये मुरलंय. तापलं तसं वर आलं." तो पॅड उलटसुलट करून बघत होता. "म्हनून वाजत नव्हतं. मला वाटलं माझं काम जमलं." तो जरा थांबला. "सकाळी बघितलं तर समदी हत्यारं तेलानं पुसलेली. कुंकू लावलेलं. मी म्हनलं, तू केलंस. दुसरी किल्ली आईपाशी असती."

"मी शेडकडं फिरकलेसुद्धा न्हाई."

"मग आई."

"आई दुपारभर माझ्यासंगं पुरण वाटत हुती. संध्याकाळी आमी दोघी देवीला गेलो."

दिगू माझ्याकडे बघत राहिला. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवून कठड्याकडे बघितलं. आप्पा मुक्ताला खांद्यावर हलवत होते. आम्ही देवीला निघालो तेव्हा, "येताय का," असं आईनं त्यांना विचारलं होतं. "गुडघा दुखतोय," असं म्हणून ते ओट्यावर बसून राहिले होते. आम्ही परत आलो तेव्हा ते हात धूत होते, हे मला त्या चरापाशी उभी असताना आठवलं.

माझं डोकं भडकलं. बिचाऱ्या पोराला वाटेत उभं करून बोलले, शेड काढून घेतली, आणि तेल ह्यांचं. मी तरातरा निघाले, तर दिगूनं माझं मनगट धरलं.

"न्हाई, आक्का."

"का न्हाई? तुझं गॅरेज हातचं चाललं की रं."

"जाऊ दे." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता, अशी काहीतरी अवस्था होती त्याची. "आक्का, आप्पा आत आलते."

"मग?"

"तू बघितलं न्हाईस. एकूणएक पाना पुसलाय त्यांनी. आतल्या दातांतनं सुद्धा बोट फिरवलंय. जी मोडकी पकड मी मांडली बी नव्हती, खाली पडल्याली, ती उचलून पुसून वर ठेवल्याली." तो नाक ओढून म्हणाला, "त्यांना हे सांगायचं? की तुमच्या हातच्या तेलानं तुमची नात दरीत चालली हुती? त्यो बिल्ला बघ तिथं. ते परत स्टेरिंगला हात लावणार न्हाईत."

मी डॅशबोर्डवरच्या बिल्ल्याकडे बघितलं.

"आन् बसवताना बघायचं काम माझंच हुतं," दिगू म्हणाला. "पॅडच्या पाठीवरचं कुंकू पुसलं. तबकडीला घासणाऱ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. तेवढं माझं हाय."

"काय हाय तुझं?"

आप्पा आमच्या मागे येऊन उभे होते. केव्हा आले, किती ऐकलं, मला आजही माहीत नाही.

दिगूनं पॅड फडक्यात गुंडाळला. "ग्रीस लागलं, आप्पा. माझ्याच हाताचं. घाईत बघितलं न्हाई."

"दाव."

"गरम हाय."

"दाव म्हनतोय."

दिगूनं फडकं पुढे केलं नाही. आप्पांनीच ते त्याच्या हातातून घेतलं. एका खांद्यावर मुक्ता, दुसऱ्या हातात फडकं. त्यांनी ते नाकाशी नेलं. मग मान वळवून खांद्यावरच्या मुक्ताची टाळू हुंगली. पुन्हा फडकं हुंगलं.

मी आयुष्यात आप्पांना कधी रडताना बघितलं नाही, तेव्हाही नाही. ते फक्त हळूहळू खाली बसले, चराच्या कडेला, दगडावर, नातीला मांडीवर घेऊन. दिगू त्यांच्यासमोर उकिडवा बसला. एक जीप हॉर्न वाजवत वर गेली.

"दार लावून घेतलं हुतं," शेवटी आप्पा म्हणाले. "कुणी बघू नये म्हनून. अंधार हुता आत."

"व्हय," दिगू म्हणाला.

"हाताला लागंल ते पुसत गेलो."

"व्हय, आप्पा."

"कोरडी ठेवलीतीस हत्यारं. खंडेनवमीला कोरडी ठेवत्यात व्हय?"

"चुकलं माझं," दिगू म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. ती कशाला हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मुक्तानं त्यांच्या शर्टाची गुंडी तोंडात घातली होती, ती त्यांनी हळूच सोडवली.

मग त्यांनी विचारलं, "आता?"

"जुनं पॅड डिकीत हायती," दिगू म्हणाला. "तुमी आणल्यालं. माल शिल्लक हाय त्यांच्यावर भरपूर. धरतात चांगलं. फकस्त वाजतात."

"बसीव."

तबकडी गार होईपर्यंत थांबलो. मग दिगूनं माझ्या पिशवीतून लंगोट्या धुवायचा साबण मागून घेतला, बाटलीतलं पाणी घेतलं, तबकडी घासघासून धुतली, मुक्ताच्या एका कोरड्या लंगोटीनं पुसली आणि वरून पॉलिश पेपर मारला. एकदा धुऊन त्याचं समाधान झालं नाही, पुन्हा धुतली. मग दुसरं चाक. आप्पा आधी बसूनच बघत होते. नंतर त्यांनी मुक्ताला माझ्याकडे दिलं, उठले आणि चाकाचे नट, पडले होते ते, एक एक गोळा करून हातात धरून उभे राहिले. दिगूनं हात मागे केला की ते एक नट त्याच्या तळहातावर ठेवायचे. शेवटी दिगूनं पॅड घेतला, तोंडाकडची बाजू उन्हात धरून नीट बघितली, आणि न बोलता आप्पांपुढे धरली. आप्पांनीही बघितली. बोट मात्र लावलं नाही.

"चला," आप्पा म्हणाले.

"मी चालवू?" दिगूनं विचारलं.

"का? मला काय झालंय?"

ते बसले. किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी दोन्ही हात पॅंटला पुसले, पुन्हा पुसले. मग गाडी चरातून बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर ब्रेक लावला.

ती किंचाळी साऱ्या घाटात घुमली. कठड्यावर बसलेली माकडं उठून झाडांत पळाली. मुक्ता दचकली, डोळे मोठे करून बघत राहिली, पण रडली नाही. गाडी जागच्या जागी थांबली होती.

"धरतात," आप्पा म्हणाले.

"धरतात," दिगू म्हणाला.

मग सगळी वळणं आम्ही किंचाळत उतरलो. चढणारे ट्रकवाले मान बाहेर काढून बघत होते. एका वळणावर आप्पा समोर बघत म्हणाले, "शेडचं कुलूप बदल."

"का?"

"खिळ्यानं उघडतं ते."

दिगूनं तोंड खिडकीकडे फिरवलं. थोड्या वेळानं तो बाहेर बघतच म्हणाला, "खतवाला यील की उद्या."

"त्याचं मी बघतो."

दिगूनं नवं कुलूप आणलं. पण खंडेनवमीला तो ते कधीच लावत नाही. त्या दिवशी शेडचं दार सताड उघडं असतं, आत बल्ब लावलेला असतो आणि फळीवर तेलाची वाटी भरून ठेवलेली असते. पॅड मात्र तो त्या दिवशी घरात नेऊन ठेवतो, उंचावर. आप्पा होते तोवर दरवर्षी उजेडी जाऊन हत्यारं पुसून यायचे. आता मुक्ता जाते. ती स्वतः गाडी चालवते, मला शेजारी बसवते आणि मी ब्रेकसाठी पाय दाबला की हसते. तिला ह्यातलं काही आठवणं शक्य नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

त्या दिवशी घाट संपला. खाली सपाटीला लागलो. दोन्ही बाजूंना भातशेती पिवळी पडायला आली होती. रस्ता सरळ होता. पुढे गाडी नव्हती, गुरं नव्हती, माणूस नव्हतं.

"काच खाली कर," आप्पा म्हणाले.

मी केली. आणि आप्पांनी त्या मोकळ्या रस्त्यावर, काही गरज नसताना, ब्रेकवर पाय ठेवला.